आधी कोणते सॉफ्टवेअर शिकावे? पुण्यातील एका साइटवरील नवोदित अभियंत्याचे प्रकरण

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन पहिल्यांदा साइटवर आलेल्या मुलामुलींपुढे थोड्याच महिन्यांत एक प्रश्न उभा राहतो : प्रायमाव्हेरा करावे, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट करावे, की रेव्हिट शिकून बिमच्या वाटेला लागावे? पहिली दोन कामाचे वेळापत्रक मांडण्याची सॉफ्टवेअर आहेत, तर रेव्हिट बिमसाठी, म्हणजे इमारतीची माहितीसह त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती करण्यासाठी, वापरतात. क्लासच्या जाहिराती याचे एक उत्तर देतात, नोकरीच्या जाहिराती दुसरे आणि आखातात गेलेले नातेवाईक तिसरे. तिन्ही उत्तरांत तथ्य असते. मात्र त्यांपैकी एकही उत्तर देणाऱ्याने विचारणाऱ्याची साइट पाहिलेली नसते, आणि निवड नेमकी तिथेच चुकते असे माझे मत आहे. पुढील प्रकरण पुण्याच्या पश्चिम भागातील एका निवासी प्रकल्पावरचे आहे. अशा अनेक नवोदितांची परिस्थिती एका व्यक्तीच्या रूपाने येथे मांडली असल्यामुळे व्यक्ती, कंत्राटदार किंवा विकासक यांची नावे दिलेली नाहीत.

परिस्थिती

सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयातून पदवी घेतलेली ही तरुणी पुण्यातील एका मध्यम आकाराच्या कंत्राटदाराकडे कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाली. दोन तळघरे आणि त्यांवर २२ मजले अशा इमारतीचे आरसीसी काम या कंत्राटदाराकडे होते. तिच्याकडे आलेली कामे कोणत्याही नव्या अभियंत्याकडे येतात तीच होती : सळईची तपासणी करणे, स्लॅब ओतण्यापूर्वी पोअर कार्ड (तपासणीचा तक्ता) भरून सल्लागाराच्या प्रतिनिधीची सही घेणे, काँक्रीटचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) भरून त्यांच्या ७ आणि २८ दिवसांच्या चाचण्यांची नोंद ठेवणे, आणि संध्याकाळी दैनिक प्रगती अहवाल एक्सेलमध्ये भरून मुख्य कार्यालयाला पाठवणे.

साइटवरची माहिती चार ठिकाणी विखुरलेली होती. साहित्याची मागणी, चलने आणि आवक यांची नोंद कंपनीच्या ईआरपीत, म्हणजे सर्व विभागांच्या व्यवहारांच्या एकत्रित प्रणालीत, होत असे आणि हिशेब टॅलीत राहत असे. मोजमापे आणि चालू बिले एक्सेलमध्ये तयार होत. रोजची छायाचित्रे आणि तोंडी आदेश व्हॉट्सॲपच्या गटावर जात. वेळापत्रक विकासकाच्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराने मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये केलेले होते. त्याची मोठ्या कागदावर छापलेली प्रत साइट ऑफिसच्या भिंतीवर लावलेली होती आणि मूळ फाइल कंत्राटदाराच्या प्लॅनिंग इंजिनिअरकडे होती. हा प्लॅनिंग इंजिनिअर एकटाच तीन साइटी सांभाळत असल्याने या साइटवर महिन्यातून एकदाच येत असे.

तिला पुढे प्लॅनिंगमध्ये जायचे होते. साइटवरचा दिवस सकाळी नऊला सुरू होऊन रात्री आठपर्यंत चाले, स्लॅबच्या दिवशी त्याहूनही उशीर होई, त्यामुळे शिकण्यासाठी तिच्या हाती प्रत्यक्षात आठवड्यातले मोजके तास उरत. पगारातून घरी पैसे पाठवायचे असल्याने क्लासची फी हाही लहान विषय नव्हता. पाच-सहा साधने थोडी थोडी शिकण्याचा मार्ग तिला मोकळाच नव्हता; एकच साधन निवडायचे होते आणि ते निदान वर्षभर पुरायला हवे होते.

तिला मिळालेले सल्ले

दुबईत असलेल्या मामांचा सल्ला सरळ होता : “आधी प्रायमाव्हेरा कर, बाकीचं नंतर बघू.” त्यांचा अनुभव खरा होता. आखातातील मोठी कामे बहुधा फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुना करारांवर चालतात. त्यांतील १९९९ च्या रेड बुकाच्या ८.३ या उपकलमानुसार काम सुरू करण्याची सूचना मिळाल्यापासून २८ दिवसांत कंत्राटदाराने सविस्तर कार्यक्रम सादर करायचा असतो. कराराचे मूळ कलम कोणत्याही सॉफ्टवेअरचे नाव घेत नाही. पण मालकाच्या विशेष अटींमध्ये प्रायमाव्हेराचे नाव अनेकदा घातलेले असते आणि मग कंत्राटदाराला दुसरा पर्याय राहत नाही. १९८३ मध्ये सुरू झालेली आणि २००८ मध्ये ओरॅकलने विकत घेतलेली ही प्रणाली मोठ्या पायाभूत कामांमध्ये इतकी रुळली आहे की मेट्रो, उड्डाणपूल किंवा वीज प्रकल्पांच्या प्लॅनिंगच्या जागांसाठी ती जवळजवळ गृहीतच धरली जाते.

महाविद्यालयातील एका मैत्रिणीने बिमचा आग्रह धरला. नागपूर मेट्रोच्या कामात पाच मितींचे (त्रिमितीला वेळ आणि खर्च जोडलेले) बिम वापरले गेल्याचे महाराष्ट्रातील अभियंत्यांनी ऐकलेले असते आणि त्या क्षेत्राला पुढे मागणी राहील हा अंदाज मलाही पटतो. येथे अडचण व्यावहारिक होती. रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कची शैक्षणिक परवान्याची मोफत सोय शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी असते. पदवी हाती आल्यावर तो मार्ग तिच्यासाठी बंद झाला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या साइटवर त्रिमितीय प्रतिकृती कोणीच वापरत नव्हते. आराखडे ऑटोकॅडमधून छापून येत आणि त्यांवरील शंका लाल शाईने लिहून परत जात.

तिसरा पर्याय प्रोकोर या बांधकाम व्यवस्थापनाच्या ऑनलाइन प्रणालीचा होता. अमेरिकेतील या कंपनीचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र कोणालाही विनामूल्य मिळते, त्यामुळे नवोदितांचे तिकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु प्रोकोर कंपन्यांना विकले जाते आणि त्याची किंमत कंपनीच्या वार्षिक बांधकामाच्या उलाढालीवर ठरते. एखाद्या व्यक्तीने परवाना घेऊन घरी सराव करावा अशी त्याची रचना नाही. ज्या कंपनीत ते आहे तिथे गेल्यावर त्याचे रोजचे काम तुलनेने लवकर अंगवळणी पडते. फावल्या वेळात त्याचे मोफत धडे पाहायला तिला कोणीच हरकत घेतली नाही, मात्र वर्षभराची मेहनत त्यावर लावण्यासारखी तिची स्थिती नव्हती.

चौथा सल्ला तिच्या कंपनीतल्या स्टोअरकीपरचा होता : ईआरपी नीट शिकून घ्यावी, कारण साइटवर पैसा तिथूनच हलतो. या सल्ल्याला फारसे महत्त्व मिळाले नाही आणि ते मला अन्यायाचे वाटते. मागणी, आवक आणि खप यांचा मेळ ज्याला कळतो त्याला सिमेंट कुठे मुरते आहे हे बिल येण्याआधी कळते. तरीही ईआरपी प्रत्येक कंपनीत वेगळी असते, आणि नोकरी बदलली की तिच्या पडद्यांची ओळख मागेच राहते. तिच्या बाबतीत हा पर्याय कामाचा भाग म्हणून शिकण्याचा होता, निवडीचा नव्हता.

साइटवरच्या माहितीचा माग

कोणताही क्लास लावण्यापूर्वी तिला एक काम सांगण्यात आले. आपल्या हातून रोज जी माहिती तयार होते ती पुढे कोणाकडे जाते आणि तिच्या आधारावर कोण कोणता निर्णय घेतो, हे तिने काही दिवस लिहून काढायचे होते. या सबंध प्रकरणातला सर्वांत उपयोगी टप्पा मी यालाच मानतो, कारण सॉफ्टवेअरचा विषय न काढताही निवडीचा बहुतेक निकाल यातूनच लागला.

क्यूबच्या चाचण्यांचे आकडे सल्लागाराकडे जात होते आणि शटरिंग (काँक्रीट ओतण्याचा साचा) काढण्याच्या परवानगीशी त्यांचा थेट संबंध होता. ओतलेल्या काँक्रीटची आणि सळईची मोजमापे चालू बिलात जात होती. मजल्यांच्या प्रगतीची टक्केवारी विकासकाकडे जात होती आणि तिचा उपयोग तिच्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला. २०१६ च्या रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम विकासकाला स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती कामाच्या प्रगतीच्या प्रमाणातच काढता येते; त्यासाठी वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे लागतात. महारेरा या राज्यातील नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला प्रगतीची माहितीही भरावी लागते. म्हणजे ती संध्याकाळी घाईत जो आकडा भरत होती त्याचे टोक घर घेणाऱ्या कुटुंबाच्या पैशापर्यंत पोहोचत होते.

एकच आकडा असा निघाला जो कोणाकडेच जात नव्हता : ठरलेल्या तारखेपेक्षा काम किती मागे आहे आणि कशामुळे. भिंतीवरच्या वेळापत्रकात दर १२ दिवसांनी एक स्लॅब दाखवला होता. प्रत्यक्षात प्रत्येक मजल्याला त्याहून जास्त दिवस लागत होते आणि विलंबाचे कारण दर बैठकीत वेगळे सांगितले जात होते. कधी लेबर गावी गेल्याचे, कधी आराखडा उशिरा आल्याचे, कधी आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी न मिळाल्याचे. अडथळ्यांची नोंदवही होती, पण तिच्यातल्या नोंदी वेळापत्रकाशी जोडलेल्या नव्हत्या. साइटवर रिकामी असलेली जागा हीच होती, आणि ती भरायला वेळापत्रकाचेच साधन लागणार होते. पाच पर्यायांतून दोन उरले : मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आणि प्रायमाव्हेरा.

एका मजल्याची परीक्षा

या दोहोंतून निवड करण्यासाठी तिने एका मजल्याचे काम सुट्या क्रियांमध्ये मांडले : कॉलमची सळई, कॉलमचे शटरिंग, कॉलमचे काँक्रीट, तुळया आणि स्लॅबचे शटरिंग, सळई, विजेचे पाइप, तपासणी, स्लॅब ओतणे, पाणी मारणे, प्लेटा (साच्याचे पत्रे) काढणे, जॅक (त्यांखालचे टेकू) काढणे. घरी सरावासाठी तिने प्रोजेक्टलिब्रे हे मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर घेतले. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या फाइली त्यात उघडतात, आणि क्रियांचे परस्परसंबंध, कॅलेंडर व क्रिटिकल पाथ (ज्यातला विलंब सगळे काम लांबवतो ती क्रियांची साखळी) समजून घेण्यापुरते ते पुरेसे आहे.

पहिला प्रयत्न नवोदित करतात तसाच झाला : प्रत्येक क्रियेसमोर सुरुवातीची तारीख टाकली गेली. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये अशी तारीख टाकली की त्या क्रियेला ‘या तारखेपूर्वी सुरू होऊ नये’ असे बंधन आपोआप लागते, आणि मग आधीचे काम लवकर संपले तरी पुढचे काम जागेवरच बसून राहते. भिंतीवरचे वेळापत्रकही बऱ्याच प्रमाणात याच पद्धतीने भरलेले होते, हे मूळ फाइल उघडल्यावर दिसले. क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड यांनी विकसित केली ती क्रियांमधल्या संबंधांवर उभी आहे. संबंध न घालता नुसत्या तारखा भरल्या तर सॉफ्टवेअर फक्त रंगीत पट्ट्या काढते.

संबंध घालताना खरा प्रश्न पुढे आला. कंत्राटदाराकडे शटरिंगचे साहित्य दोन मजल्यांपुरते होते. म्हणजे पाचव्या मजल्याचे साहित्य मोकळे झाल्याशिवाय सातव्याचे शटरिंग सुरू होणार नव्हते. हा संबंध मूळ वेळापत्रकात कुठेच नव्हता. आयएस ४५६ : २००० या काँक्रीट कामाच्या भारतीय संहितेनुसार, साधे पोर्टलंड सिमेंट असेल आणि तापमान १५ अंशांखाली जात नसेल तर, स्लॅबखालच्या प्लेटा ३ दिवसांनी आणि तुळयांखालच्या ७ दिवसांनी काढता येतात, मात्र टेकू लगेच परत लावावे लागतात. ६ मीटरपर्यंतच्या तुळयांचे टेकू मात्र १४ दिवस ठेवावे लागतात. दुसऱ्या प्रकारचे सिमेंट असेल तर या मुदती त्यानुसार वाढतात, आणि तो निर्णय सल्लागाराचा असतो. म्हणजे प्लेटा आणि जॅक या वेळापत्रकात दोन वेगळ्या गोष्टी म्हणून दाखवाव्या लागणार होत्या. तसे केल्यावर दिसले की प्लेटा वेळेवर मोकळ्या होत होत्या आणि काम जॅकसाठी थांबत होते. बैठकीत आजवर कोणी जॅकचे नाव घेतले नव्हते. मुकादमाला विचारल्यावर तो म्हणाला, “मॅडम, जॅक कमी आहेत हे आम्ही पहिल्या मजल्यापासून सांगतोय.” त्याचे म्हणणे आकड्यांत कोणी मांडलेले नव्हते, इतकेच.

याच मांडणीत आणखी एक बारकावा सापडला. टेकूंचे १४ दिवस हे सरळ मोजायचे दिवस आहेत. काँक्रीट रविवारची सुटी घेत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र सहा दिवसांच्या आठवड्याचे कॅलेंडर असेल आणि दोन क्रियांमध्ये १४ दिवसांचे अंतर साधेपणाने लिहिले, तर ते कामाचे दिवस धरले जातात आणि १४ चे किमान १६ होतात. प्रत्येक मजला याच दुव्यावर अडत असेल तर, साहित्य दोन मजले सोडून फिरत असल्याने, वीस मजल्यांत ही नुसती नोंदीची चूक सुमारे २० दिवसांची होते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये हे अंतर ‘इलॅप्स्ड’, म्हणजे सुट्यांसह सरळ मोजलेल्या, दिवसांत देता येते. प्रायमाव्हेरात अशा अंतरासाठी कोणते कॅलेंडर वापरायचे हे संपूर्ण वेळापत्रकासाठी एकदाच ठरते, म्हणून काँक्रीट घट्ट होण्याचा काळ सात दिवसांच्या कॅलेंडरवरची स्वतंत्र क्रिया म्हणून दाखवणे अधिक सुरक्षित असते. दोन्ही साधनांत उत्तर मिळते, फक्त प्रश्न आधी माहीत असावा लागतो, आणि तो आयएस संहितेतून व मुकादमाशी बोलण्यातून येतो.

कॅलेंडरबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण क्लासमध्ये हा भाग पाच मिनिटांत संपतो. मुंबई-पुण्याच्या साइटवरचे कॅलेंडर म्हणजे रविवार आणि सरकारी सुट्या एवढेच नसते. खर्ची (मजुरांना खर्चासाठी दिलेली उचल) वाटल्यानंतरच्या दिवशी हजेरी उतरते. होळी, दिवाळी आणि छठ या सणांना बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातील कामगार गावी जातात आणि परतीची तारीख निश्चित नसते. जून ते सप्टेंबरमध्ये वरचे स्लॅब कमीअधिक वेगाने चालू राहतात, पण खोदकाम, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांना वेगळे कॅलेंडर द्यावे लागते. एकाच कॅलेंडरवर सगळी इमारत चढवलेले वेळापत्रक पहिल्याच पावसाळ्यात निरुपयोगी होते.

निर्णय

तिने मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टपासून सुरुवात केली. ते प्रायमाव्हेरापेक्षा श्रेष्ठ आहे म्हणून हा निर्णय झाला नाही. हजारो क्रियांचे, अनेक उपकंत्राटदारांचे आणि विलंबाच्या दाव्यांपर्यंत जाणारे काम असेल तर प्रायमाव्हेराचीच शिस्त उपयोगी पडते. निर्णायक गोष्ट ही होती की सल्लागाराची फाइल त्या स्वरूपात येत होती, साइटच्या संगणकावर परवाना होता आणि प्लॅनिंग इंजिनिअरला दर आठवड्याला प्रत्यक्ष तारखा भरणारा माणूस हवा होता. खऱ्या कामाच्या तारखा, खरे विलंब आणि चूक झाली तर विचारणारा वरिष्ठ, या तीन गोष्टी तिला कोणत्याही क्लासमध्ये मिळाल्या नसत्या. क्लासमध्ये तयार नमुन्यावर सराव होतो. त्या नमुन्यात कोणाचे जॅक कमी पडत नाहीत.

मामांचा सल्ला यात फेटाळला गेला असे समजू नये. तिला पहिली नोकरी मेट्रोच्या किंवा महामार्गाच्या कंत्राटदाराकडे मिळाली असती, तर मी निःसंकोचपणे प्रायमाव्हेरा आधी शिकायला सांगितले असते, कारण तिथे साइटवरचीच फाइल प्रायमाव्हेरात असते. आखातातल्या प्लॅनिंगच्या जागांसाठी प्रमाणपत्राइतकाच प्रत्यक्ष कामाचा अनुभव पाहिला जातो, आणि तो अनुभव पुण्यातल्या या २२ मजल्यांवर सुरू होत होता.

पुढील काही महिन्यांत दर शनिवारी प्रत्यक्ष तारखा भरणे, बेसलाइनशी (मूळ मंजूर वेळापत्रकाशी) तुलना करणे आणि पुढच्या तीन आठवड्यांचे वेळापत्रक एका पानावर काढून मुकादमाला देणे हे काम तिच्याकडे आले. हे एक पान मराठीत आणि हिंदीत काढले जाई. सॉफ्टवेअरची रंगीत छापील प्रत कोणी वाचत नव्हते. हे पान मात्र शटरिंगवाले खिशात ठेवत. जास्तीचे जॅक भाड्याने घेण्याचा प्रस्ताव तिच्या मांडणीसह मुख्य कार्यालयात गेला आणि मंजूर झाला, त्यानंतर मजल्यांमधले अंतर कमी होऊन ठरलेल्या १२ दिवसांच्या जवळ आले. सर्व अडचणी त्यामुळे सुटल्या नाहीत. उपकंत्राटदारांकडून येणारी प्रगतीची टक्केवारी अजूनही अंदाजाने दिली जात होती, आणि मोजमापावर आधारलेली टक्केवारी घेण्याचा तिचा आग्रह बिलांच्या घाईत वारंवार मागे पडत होता. सॉफ्टवेअरला यात काही करता येत नाही. जे भरले जाते तेच ते दाखवते.

प्रायमाव्हेराची सुरुवात तिने दुसऱ्या वर्षी, कंपनीच्या एका उड्डाणपुलाच्या कामावर बदली निश्चित झाल्यावर केली. सरावासाठी नवा नमुना घेण्याऐवजी आपल्याच इमारतीचे वेळापत्रक तिने त्यात पुन्हा उभे केले. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट बदल झाला की तारखा लगेच नव्याने काढते, तर प्रायमाव्हेरा एफ नाइन ही कळ दाबेपर्यंत वाट पाहते, या फरकाची सवय व्हायला तिला थोडे दिवस लागले. डेटा डेटच्या (ज्या तारखेपर्यंतची प्रगती भरली आहे तिच्या) मागे अपूर्ण राहिलेली क्रिया पुढे कशी सरकवायची, क्रम सोडून झालेल्या कामासाठी ‘रिटेन्ड लॉजिक’ (उरलेल्या कामाला मूळ क्रम लावणे) ठेवायचे की ‘प्रोग्रेस ओव्हरराइड’ (तो क्रम बाजूला ठेवणे), आणि पूर्णतेची टक्केवारी कालावधीवर मोजायची की प्रत्यक्ष कामावर, एवढे तीन विषय तिला नव्याने शिकावे लागले. क्रियांचे संबंध, कॅलेंडर, फ्लोट (क्रियेला लांबण्यासाठी असलेली सवड) आणि टेकूंचे १४ दिवस तिला पुन्हा शिकावे लागले नाहीत.